सासूबाईंचा टॅब आणि चाळीस मिनिटांचा राग

जावईबापूंचा धंदा कवळ्या बनवण्याचा, पण जीव अडकलेला फोनांत. कंपनीने टाकून दिलेल्या मॉडेलमध्ये नवं अँड्रॉइड घालून दाखवलं की त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागे. घरातला एकही फोन त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. उरला होता सासूबाईंचा टॅब.

"चांगला चाललाय. हात लावू नका," सासूबाईंनी बजावलं होतं.

"आई, दोन आवृत्त्या मागे आहात तुम्ही!"

"मी मागेच बरी."

एका रविवारी त्या अंघोळीला गेल्या आणि बापूंनी केबल जोडली. अपडेट चढलं. टॅबने मालकाचा चेहरा दाखवायला सांगितला, नेमक्या तेव्हाच सासूबाई बाहेर आल्या.

"कुणी सांगितले होते हे नसते उपद्व्याप?"

टॅबने तोच चेहरा नोंदवून घेतला. मग पिन मागितला. बापूंना दिसू नये म्हणून सासूबाईंनी पाठ फिरवून तो टाकला, आणि दुपारपर्यंत साफ विसरल्या.

झालं! आता टॅब त्यांना फक्त रागात असतानाच ओळखायचा. गेम खेळायचा म्हटलं की कुणीतरी त्यांना डिवचायचं.

"आई, तू हुबेहूब आत्यासारखी दिसायला लागलीस," मेहुणा म्हणायचा, की टॅब उघडलाच. पण आठवड्याभरात त्यांना याची सवय झाली. आत्याचं नाव काढलं तरी हसू लागल्या.

सगळं पुसून टाकावं, तर चार वर्षं खपून गाठलेली गेमची चौदाशे बारावी पायरी जाणार. पुसण्याआधी सगळं लॅपटॉपवर उतरवून घेणं भाग होतं, आणि त्याला चाळीस मिनिटं लागणार होती. नवं अँड्रॉइड तर क्षणोक्षणी चेहरा तपासायचं. राग उतरला की कुलूप लागणार, काम अर्धवट.

बुधवारी दुपारी सगळे कामाला लागले. बापूंनी टॅब आरशासारखा सासूबाईंसमोर धरला. मेहुण्याने नोकरी सोडल्याचं जाहीर केलं. त्यावर बारा मिनिटं निघाली. लेक म्हणाली, "तुझ्या हातचा चहा मला कधीच आवडला नाही." त्यावर वीस.

एक्क्याण्णव टक्क्यांवर सासूबाईंना मेहुण्याच्या हातातला कागद दिसला. त्यावर क्रमवार विषय लिहिले होते. त्यांच्या ओठांचे कोपरे हलू लागले.

बापूंच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, खरं सांगू? टॅबला अपडेटची काही गरज नव्हती. मला जमतं का, एवढंच बघायचं होतं."

मग सासूबाईंनी तोंड उघडलं, आणि बापूंच्या शाळेतल्या मार्कांपासून लग्नातल्या त्यांच्या बुटांपर्यंत काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही. लेक आणि मेहुणा भिंतीला चिकटून उभे. बापूंनी मात्र टॅब तसूभर हलू दिला नाही. शेवटी लॅपटॉपने टिंग केलं.

"आई, झालं! थांबलात तरी चालेल."

"टॅबचं झालं असेल," सासूबाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "माझं व्हायचंय अजून."