मला वेळेत थांबवणाऱ्या बाई

मंगळवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. समुद्रकाठच्या अणुवीज केंद्राचा नियंत्रण कक्ष. शिफ्टवर पाच माणसं. समुद्रातून आत येणारं पाणी कमी होऊ लागलं.

मी त्या केंद्रातली अणुभट्टी बोलतेय. वय वर्षं सव्वीस. राज्यातल्या दर वीस दिव्यांतला एक माझ्या जोरावर लागतो. वारा पडो, आभाळ भरून येवो, कोळशाची गाडी वाटेत अडको, मी चालूच. त्या मंगळवारी मला सलग चारशे अकरा दिवस झाले होते, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. माणसांची मात्र गंमत आहे. दिवा लागतो तेव्हा मला कोणी ओळखत नाही. तो गेला की जो तो माझ्या नावाने खडे फोडतो.

माझ्या उष्णतेने वाफ होते, वाफ चक्रं फिरवते आणि त्या वाफेला थंड करायला समुद्र लागतो. त्या सकाळी समुद्राबरोबर जेलीफिश आले. ताटाएवढे, बुळबुळीत, हजारोंनी. पंपघराच्या जाळ्या गच्च भरल्या.

"मॅडम, खोऱ्यानं उपसतोय! एक काढला की चार चिकटतात!" पंपघराचा म्हातारा मुकादम फोनवर ओरडला.

"काका, किती वेळ आहे?" शिफ्टच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

"तीन मिनिटं. तीही देवाच्या भरवशावर."

"देवाचं राहू द्या, पाण्याची पातळी सांगा."

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. मुख्य कार्यालयातले साहेब. "जरा दम काढा. आत्ता थांबवलीत तर सहा जिल्हे अंधारात जातील."

"गेलेली वीज परत येते, साहेब."

"तुमचा परवाना परत येणार नाही, लक्षात ठेवा."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बटण दाबलं.

दोन सेकंदांत अणुविखंडन थांबवणाऱ्या नियंत्रण कांड्या माझ्या पोटात उतरल्या. राखीव पंप सुरू झाले, आतली धग हळूहळू उतरली. बाहेर कणभर काही गेलं नाही. त्या चारशे अकरा दिवसांपेक्षा मला या दोन सेकंदांचा जास्त अभिमान आहे.

सहा जिल्हे पाच तास विजेविना राहिले. कुणाला तरी धरायला हवं होतं. बाईंना धरलं. मी आपोआप थांबायला दोन मिनिटं बाकी होती, बाईंनी घाई केली, असा आरोप ठेवला. परवाना स्थगित. माझी नुसती घरघर ऐकून कुठला पंप कुरकुरतोय ते सांगणाऱ्या बाई आता मागच्या इमारतीत जुन्या फायलींना क्रमांक घालतात.

चौकशीत मुकादमाला बोलावलं, तेव्हा तो सरळ बोलला. "समुद्राचं पाणी आत आणणाऱ्या कालव्याच्या तोंडाशी मोठं जाळं असतं, जेलीफिश अडवायलाच. अठरा दिवसांपूर्वी काढायला लावलं. बड्या पाहुण्यांना होडीतून केंद्र दाखवायचं होतं, होडी अडकत होती."

"मग परत का नाही लावलं?"

"लावू का म्हणून तीनदा विचारलं, साहेब. थांबा म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या शेजारी बसलेत ते साहेब सांगतील. फोन त्यांच्याच मुख्य कार्यालयातून आला होता."

चौकशी अधिकारी पाणी प्यायले. "पुढचा प्रश्न," म्हणाले.

सहाव्या दिवशी मी पुन्हा सुरू झाले. आज पूर्ण ताकदीने चालतेय. तुमच्या घरातला पंखा फिरत असेल तर एवढं माझ्या वतीने विचारा: त्या बाईंना त्यांची खुर्ची परत कधी देणार?

चौकशीचा अहवाल त्रेचाळीस पानांचा आहे. त्यात बाईंची चूक एकोणीस वेळा सांगितली आहे, जाळ्याचा उल्लेख एकदाही नाही. ते जाळं आजही गोदामात घडी घालून पडलंय.