काकांचा फवारा

मी एक जुनी, कोळशाची, पितळी इस्त्री आहे. अंगाने जड आणि स्वभावाने तापट. मित्रांनो, माझा हा ताप नुसत्या कोळशांचा नाही. निम्मा ताप माझ्या मालकांनी, म्हणजे इस्त्रीवाल्या काकांनी दिला आहे.

माझी लाकडी मूठ काकांच्या वडिलांनी इतकी धरली, की तिच्यावर बोटांचे खळगे पडले. त्याच खळग्यांत आता काकांची बोटे बसतात. चौकातल्या आमच्या टपरीवर शाळेचे गणवेश येत, कारकुनांच्या पँट येत, नर्सबाईंचे पांढरे कोट येत. "काकांची घडी म्हणजे कोरा कागद," असे लोक म्हणत आणि मी आत फुलून जाई.

या कौतुकाचे मूळ काकांच्या गालांत होते. तोंडात पाणी भरून ते कपड्यावर असा बारीक फवारा सोडत, की पहाटेचे दवच पडले म्हणावे. बापाकडून आलेली विद्या ती!

मग साथ आली. शाळांना कुलूप, कचेऱ्यांना कुलूप. चौक इतका ओस, की माझ्या पोटात कोळसा तडकला तरी काका दचकत. घरातच बसायचे तर कडक कपडे हवेत कोणाला? येत ते नुसते सदरे. कामाच्या बैठकीत मोबाइलच्या पडद्यावर माणूस कमरेपर्यंतच दिसतो म्हणे. वर साहेब, खाली पायजमा!

तेवढ्यावरही कशीबशी चूल पेटली असती. पण आमच्या हट्टी काकांना सांगणार कोण? काकू रोज कानीकपाळी ओरडत.

"अहो, रोग तोंडातून पसरतोय. बाटली घ्या की!"

"बाटलीच्या पाण्याने घडी बसत नाही. माझ्या बापाने जन्मभर असंच केलं."

"मामंजींच्या वेळी ही साथ नव्हती!"

शेवटी काकांनी मास्क लावला. आणि एका सकाळी, मास्क हनुवटीवर ओढून, सवयीने गाल फुगवून, फुर्रर्र! समोरच्या गॅलरीतून मास्तरीणबाईंनी ते पाहिले.

"अहो काका! लोकांच्या कपड्यांवर थुंकता काय?"

दुपारपर्यंत गल्लीभर झाले. दुसऱ्या दिवसापासून एक रुमालसुद्धा आला नाही. दोन पिढ्यांची घडी एका फवाऱ्यात विस्कटली. कोणी खाली उतरून काकांना विचारलेही नाही. काय म्हणावे या माणसांना!

पंधरवड्याने काकांनी मला पिशवीत घातले. "भंगारात देतो. पितळ आहे, वजनावर जाईल."

काकूंनी पिशवीचा बंद धरला. "आज हिला विका, उद्या हात विकाल. आणा इकडे!"

त्यांनी मला पेटवले, माझ्या निखाऱ्यावर सुई तापवली, बाटलीच्या झाकणाला भोके पाडली आणि मेज थेट मास्तरीणबाईंच्या गॅलरीखाली ओढले. पाणी काकू शिंपडणार, मला काका फिरवणार. कपडा? काकांचा एकुलता एक चांगला सदरा! तीन दिवस तोच चुरगाळायचा, तोच ताठ करायचा. काकू गुणगुणत:

निखाऱ्याला राख, राखेला गं वारा,
वाऱ्याला सांगते, पोटाला दे थारा.

चौथ्या दिवशी दोरीला बांधलेली टोपली वरून खाली आली. आत तीन सदरे.

"काका, त्या दिवशी मी चारचौघांत बोलायला नको होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नाही बाई. चुकलं माझंच," काका म्हणाले. एवढे चार शब्द काढायला या माणसाने भंगाराची पाळी येऊ दिली!

आता शाळा उघडल्या आहेत. मधल्या काळात मुले ताडमाड वाढली. खालची दुमड उसवून लांब केलेल्या पँट येतात, तेव्हा जुन्या दुमडीची रेघ तशीच असते. मी दोनदा फिरते, तीनदा फिरते. ती जात नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. एखाद्याचे चुकले तर जरूर सांगा. पण वरून ओरडू नका, चार पायऱ्या उतरून सांगा. आणि आमच्या टपरीवरून गेलात, तर काकांच्या गालांवर जरा लक्ष ठेवा. ओला कपडा दिसला की ते अजून फुगतात. काकू बाटली उगारतात, तेव्हा कुठे बसतात!