अर्धा कोयता

थंडीत आमच्या गावात माणसं कमी आणि कुलपं जास्त असतात. ऊसतोडीला सगळे जोडीनं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सरू वारून दीड वर्ष झालं. तेव्हापासून मी अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम नेत नाही. म्हणून मी गावातच असतो.

दोन वर्षांत ही तिसरी निवडणूक. भोंग्याची गाडी रोज भर दुपारी यायची आणि बंद दारांपुढं मतं मागून दिंद्रुडकडं निघून जायची. अंगणवाडीची आम्रपाली मतदानाच्या चिठ्ठ्या वाटत आली. बंद घरांच्या कडीत खोचल्या, माझ्या हातात दोन ठेवल्या.

"सरूचं नाव अजून हाय?"

"हाय की. मागल्या बारीला मामींच्या नावानं कुणीतरी मतबी टाकलं. मामा, ह्या फॉर्मवर सही करा, नाव कटतंय. न्हाईतर मामी उभ्या ऱ्हायच्या एखाद्या पार्टीकून."

ती हसली आणि फॉर्म पुढं केला.

मी सही केली नाही. मुकादमाच्या वहीतून आमची जोडी गेली, रेशनकार्डातून सरू गेली. या यादीत तेवढी आमची नावं अजून एकाखाली एक होती. पण परक्या बाईनं तिच्या नावानं बोट पुढं करावं, हेही सोसवत नव्हतं.

माझी चिठ्ठी मी सदऱ्याच्या खिशात ठेवली. सरूची दाराबाहेर कडीत खोचली, बाहेरगावी गेलेल्यांची खोचतात तशी. सकाळी ती आत, मिठाच्या डब्याखाली होती. सरू कामाचा कागद तिथंच ठेवायची. मी परत कडीत खोचली. दुसऱ्या सकाळी परत डब्याखाली. तिसऱ्या दिवशी दाराला कुलूप लावून विहारात जाऊन झोपलो. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं आणि चिठ्ठी डब्याखाली.

मतदानाला उसाच्या फडावरून माणसांनी भरलेले ट्रक आले. मी बाजेवरून उठलो नाही. फार कंटाळा आला होता. दिवस मावळता आम्रपाली आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, तुमचं मत ऱ्हायलं. मामींचं झालं."

"कुणी केलं?"

"मी भाईर बसलते. आतले साहेब बीडचे, त्यांना काय वळख. पदर लई फुडं व्हता म्हणले. अंगठा दिला. जाताना म्हणली, मालक मागून येतेत. साहेबांनी तुमची वाट बघितली."

सरू अंगठाच द्यायची. फडातही ती माझ्या पुढं चालायची आणि मुकादमाला हेच सांगायची.

मी उठून मिठाचा डबा उचलला. खाली एक चिठ्ठी होती. ती माझी होती. सदऱ्याचा खिसा चाचपला, रिकामा होता.

"फॉर्म आण," मी म्हणालो.

तिनं पिशवीतून काढून दिला. मी सही केली.

"आता अजून एक दे."

"आन् त्यो कावून?"

"अर्धा कोयता यादीत तरी कशाला ठेवायचा?"

या वेळी ती हसली नाही.