सागरमित्राचा सत्कार

समुद्र मी अजून पाहिला नाही, अन् पाहायची हौसही नाही. तरी कोकणातला एवढा मोठा समुद्र ट्रॉलरवाल्यांपासून राखून ठेवला गेला, तो नागपुरातल्या इंदोऱ्यात राहणाऱ्या माझ्यामुळे. लोक म्हणतात, ताराबाईले मासोळ्यांची भारी माया. कायची माया बाप्पा! मले भैयाजीचे ट्रॉलर बुडवायचे होते. समुद्र त्यात वाचला, वाचू दे.

बळीराम माझा धाकटा भाऊ. शिकला, मत्स्य खात्यात लागला अन् थेट रत्नागिरीच्या खाली जाऊन बसला. सुटीत घरी आला की जेवता जेवता तेच पुराण लावे. ट्रॉलरचं जाळं समुद्राचा तळ खरवडून काढते, अंडी-पिल्लं सारं गोळा करून नेते, अन् साधा होडीवाला हात हलवत घरी येते. जंगल राखीव करता तर समुद्र काहून नाही, असं त्याचं म्हणणं. अन् चतकोर तुकडा राखून भागत नाही म्हणे, मासोळी जिथे अंडी घालते तो सारा पट्टा पाहिजे. होडीनं गावोगाव फिरून तो लोकायले हेच समजावून राहिला होता. गावं तयारही होत होती.

ऐंशी सालच्या थंडीत एका पहाटे त्याच्या होडीवर ट्रॉलर चढला. होडीचे दोन तुकडे झाले. वल्हवणारा माणूस वाचला. तो म्हणाला, आम्ही कंदील दाखवला, बोंबललो, तर ट्रॉलर वळला तो आमच्याच अंगावर वळला. पोलिसांनी धुकं होतं म्हणून प्रकरण मिटवून टाकलं. बळीराम सापडलाच नाही. माझ्या मायले, तुळसाबाईले, पोराचं तोंडही पाहायले मिळालं नाही.

ट्रॉलर कोणाचा? कागदावर भैयाजीच्या साळ्याचा. अन् भैयाजी कोण, तर आमच्याच शहरातले आमदार. कन्हानच्या कोळशात यांचा हात, कळमेश्वरच्या कारखान्यात यांचा हात, तेवढ्यानं पोट भरलं नाही म्हणून समुद्रातही हात घातला. वकिलानं मले सरळ सांगितलं, बाई, यात काही उरलं नाही. मी घरी येऊन मायले सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न पाहताच म्हणाली, "तारे, त्याले सोडू नको."

नाही सोडलं. मी विचार केला, भैयाजीचे सारे ट्रॉलर बळीरामच्या त्याच पट्ट्यात चालतात. तो पट्टा राखीव झाला की ट्रॉलर किनाऱ्याले सडत पडतील. माझ्या भावानं जे मागितलं तेच याच्या नरडीले लावायचं. तिकडच्या मच्छीमारांच्या संघाले मी निरोप धाडला. अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते, सारे मंत्री इथे येतात, तर इथला आवाज मी सांभाळते म्हटलं. त्यांनी मलेच पुढे केलं. मी कॉर्पोरेशनच्या शाळेतली मास्तरीण, आवाजाची काही कमी नव्हती.

लोक हसले. "ताराबाई, फुटाळ्याच्या तलावाले बंदर बांधून राहिल्या का?" हसा म्हटलं, हसा. 

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, अन् त्यांच्या मागे बडगे. ज्याच्यावर लोकांचा राग त्याचा पुतळा बांधतात, साऱ्या शहरातून शिव्या घालत नेतात अन् शेवटी जाळतात. मी भैयाजीचा बडग्या बांधला. पोटाच्या जागी ट्रॉलर, तोंडातून मासोळ्या लोंबलेल्या, अन् डोक्यावर पांढरी टोपी. इतवारीतून ओरडत निघालो, "ट्रॉलरवाल्या भैयाजीले घेऊन जा गे मारबत!" माझा घसा फाटला. वाटलं, आता याची अब्रू गेली.

कशाची अब्रू अन् काय! हा बाबा एका दुकानाच्या गॅलरीत उभा, पोट धरून हसून राहिला, वरून आमच्यावर गुलाल उधळून राहिला. माझ्या माणसायले सरबत पाजलं त्यानं. अन् ते मेले गटागटा प्याले! पेपरवाल्याले म्हणतो, "नागपुरात बडग्या निघाला म्हणजे माणूस मोठा झाला." दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, त्याचा, पुतळ्यासोबत. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पण तिथेच मले एक गोष्ट दिसली होती. गॅलरीत कोणीतरी हार घेऊन त्याच्याकडे जाऊन राहिला होता. हार अजून चार हात दूर होता, अन् भैयाजीची मान आधीच वाकली होती. मी आठ दिवस त्या मानेचाच विचार केला. शिव्या याच्या अंगाले लागत नाहीत, पण हाराले हा नाही म्हणू शकत नाही. मग म्हटलं, ठीक आहे भैयाजी, हारच घ्या.

बंगल्यावर गेली. हात जोडून म्हणाली, "भैयाजी, माझं चुकलं. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाचा पुतळा नाही, सत्कार करायले पाहिजे. समुद्र राखून ठेवायची गोष्ट तुमच्या तोंडून निघाली तर सारा महाराष्ट्र तुमचं नाव घेईल." त्यानं विचारलं, "हॉल कोणता घेतला?"

पहिला सत्कार सीताबर्डीवर झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र, अन् 'सागरमित्र' ही पदवी. पदवी मीच शोधून काढली होती. हारही मीच घातला, माझ्या या दोन हातांनी. त्याच्या मानेवरच्या पावडरचा वास नाकात बसला. मनात म्हटलं, वाक अजून, वाक.

घरी पोहोचायच्या आत कोणीतरी मायले सांगून गेलं होतं. ती दारातच उभी. "बळीरामले ज्यानं मारलं त्याले हार घातला वं तू?"

"माय, ऐक तर खरं. मी त्याले खड्ड्यात..."

"आधी हात धुऊन ये."

मी हात धुतले. परत आली तर ती आत निघून गेली होती. त्या दिवसापासून माय माझ्याशी बोलली नाही. ताट वाढे, अंथरूण टाके, पण शब्द नाही. मी तिच्या मागे मागे फिरून सारा डाव सांगितला, दोनदा सांगितला. ती सुपात तांदूळ पाखडत राहिली. तिनं सोडू नको म्हटलं होतं, अन् मी त्याले डोक्यावर घेऊन नाचते, एवढंच तिले दिसत होतं. रागानं मी एकदा सुपावर हात मारला. तांदूळ साऱ्या घरभर झाले. तिनं ते निमूटपणे वेचले.

पण आता मागे फिरायचं नव्हतं. खाप्यात सत्कार, कन्हानले सत्कार, कळमेश्वरले सत्कार. वकिलांचा, शिक्षकांचा, भजनी मंडळाचा. इथे कोणाचंच काही जात नव्हतं न, समुद्र राहिला शेकडो मैल दूर, म्हणून जो तो सत्काराले तयार! दर सभेत भैयाजी एक पायरी वर चढे. सीताबर्डीवर म्हणाला, समुद्राचा विचार झाला पाहिजे. खाप्यात म्हणाला, ट्रॉलर बंद झाले पाहिजेत. कळमेश्वरले छातीवर हात मारून म्हणाला, "येत्या अधिवेशनात मी स्वतः ठराव मांडतो!" टाळ्या काय पडल्या! सर्वात जोरात माझ्या.

त्याचा साळा चिडून बंगल्यावर आला होता म्हणे. ते भैयाजीनंच मले हसत हसत सांगितलं, मी घरचीच झाली होती न आता. "मी त्याले म्हणलं, अरे बावळ्या, आमदाराचा ठराव म्हणजे काय असते? मी भाषण करतो, मंत्री आश्वासन देते, मी ठराव मागे घेतो. तुझे ट्रॉलर तिथल्या तिथे, अन् नाव आपलं." मी म्हटलं, वा भैयाजी, डोकं पाहिजे तर असं.

अन् तिथून निघून सरळ मत्स्य खात्याच्या मंत्र्याकडे गेली, तो अधिवेशनाच्या तयारीले आला होता. मंत्री भैयाजीच्याच पक्षाचा, पण दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं. मले फार बोलावं लागलं नाही. एवढंच म्हटलं, "साहेब, त्या पट्ट्यात ट्रॉलर कोणाचे चालतात ते तुम्हाले माहीत आहे न?" मंत्र्यानं चष्मा काढला, पुसला अन् पुन्हा लावला. मग माझ्यासाठी चहा सांगितला.

डिसेंबरात ठराव आला. कोकणातून मच्छीमार रेल्वेनं आले होते, आयुष्यात पहिल्यांदा नागपूरची थंडी पाहून कुडकुडत होते बिचारे. त्यांच्यातल्या काहींना घेऊन मी विधानभवनात वर गॅलरीत बसली. भैयाजीनं भाषण असं ठोकलं का काही विचारू नका. बळीरामचेच मुद्दे, मी लिहून दिलेले. तळ खरवडते, पिल्लं मरतात, मोठा पट्टा पाहिजे. माझ्या भावाचे शब्द त्या तोंडातून ऐकताना मी पदर दातात धरून बसली होती. 

मंत्री उठला. भैयाजी खुर्चीत रेलून आश्वासनाची वाट पाहत होता. मंत्री म्हणाला, "सागरमित्र भैयाजींनी या प्रश्नासाठी जीव ओतला आहे. त्यांच्या भावनेचा आदर करून सरकार हा ठराव जसाच्या तसा स्वीकारत आहे." भैयाजीचं तोंड उघडलं, तर विरोधी पक्षानं बाकं बडवायले सुरुवात केली. मग त्याच्याच पक्षानं बडवली. सारे उठून त्याच्याकडे आले, कोणी हात हातात घेते, कोणी पाठ थोपटते. त्यानं ठराव मागे घेतो असं म्हणायले पाहिजे होतं, एक शब्द होता. पण मान वाकली. मी वरून पाहिलं, मान वाकली अन् ठराव पास झाला.

उन्हाळ्यापर्यंत हुकूम निघाला. पट्ट्यात ट्रॉलर दिसला तर जप्त. भैयाजीचे सारे ट्रॉलर धक्क्याले बांधून पडले, विकायले काढले तर कोणी घेईना. साळ्यानं संबंध तोडला. पुढच्या निवडणुकीत तिकीट गेलं. मी पेढे घेऊन घरी आली, डबा मायपुढे ठेवला. "माय, बुडाले त्याचे ट्रॉलर. सारे." तिनं डब्याकडे पाहिलंही नाही. पेढे मुंग्यांनी खाल्ले.

एका रविवारी दुपारी भैयाजी आमच्या दारात आला. मोटार नाही, सायकलरिक्षानं आला होता. तोंड उतरलं होतं. खुर्चीवर बसला अन् म्हणाला, "ताराबाई, हे तुम्ही मुद्दाम केलं. मंत्र्यानंच सांगितलं मले."

"हो, मुद्दाम केलं."

"काहून पण? मी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

याच घडीची मी वाट पाहत होती. किती वेळा मनात घोकलं होतं, कसं म्हणायचं, किती हळू म्हणायचं. मी म्हणाली, "बळीराम."

भैयाजीनं कपाळाले आठ्या घातल्या. छताकडे पाहिलं. नाटक नव्हतं ते, माणूस खरंच आठवून राहिला होता. मग म्हणाला, "कोण बळीराम?"

ज्याले मी एवढं बुडवलं त्याले माहीतच नव्हतं काहून बुडवलं ते! होडी बुडवली, पोरगं मारलं, अन् यानं नावही विचारलं नाही कोणाले. मले वाटलं याचा गळा धरावा, पण मी जागची हललीही नाही.

आतून माय आली. हात पदराले पुसत पुसत त्याच्यासमोर खाली बसली. तो उठायले लागला होता.

"बस गा," माय म्हणाली. त्या पहिल्या सत्कारापासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता. "कोण बळीराम ते मी सांगते तुले. बस."

तो बसला. माय सांगायले लागली. बळीराम झाला तेव्हा रडलाच नाही, सुईणीनं उलटा धरून पाठीत चापट मारली तेव्हा रडला. दीक्षेच्या दिवशी बापाच्या खांद्यावर होता, एवढ्या लाखो माणसांत झोपून गेला. लहानपणी पाण्याले भ्यायचा, आंघोळीले धरून आणावं लागे. वांग्याची भाजी पाहिली की ताट सरकवायचा. ती घाई करत नव्हती. काही सोडत नव्हती.

"बाई, मले काम आहे," भैयाजी म्हणाला.

"बस."

मी उठली अन् दाराची कडी लावली. मग येऊन मायच्या जवळ बसली. तिनं न पाहताच माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला अन् सांगत राहिली. भैयाजीले घाम फुटला होता, शर्ट पाठीले चिकटला होता. शेवटी अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "पाणी देता का, आई?"

मायनं उठून माठातलं पाणी दिलं, अन् पुन्हा त्याच्यासमोर बसली.

"पी," ती म्हणाली. "अजून तर तो शाळेतही गेला नाही."