बस्त्याच्या जीपमधली कॅसेट

माझं लग्न ठरलं तेव्हा मोहिनीचा आवाज मी ऐकलेला नव्हता. निरगुडसरला पोहे खायला गेलो तेव्हा मी तिला जे काही विचारलं त्याची उत्तरं तिच्या आत्यानं, अंबाबाईंनी दिली. स्वयंपाक येतो का, तर "तिला समदं येतं." शिक्षण किती, तर "बारावी झालीय." आवड कशाची, तर आत्याबाई जरा विचार करून म्हणाल्या, "मला भजनाची लई आवड हाये." घरी येऊन पसंती कळवली तेव्हा आपण नेमकं कोणाला पसंत केलंय, अशी मला शंका आली.

पुढं सुपारी फुटली, तारीख धरली आणि बस्त्याचा दिवस आला. दोन्ही घरच्यांनी मिळून लग्नाचे कपडे घ्यायचे, म्हणजे बस्ता. एकदा बस्ता बांधला की आमच्याकडं माघार नाही. देवानं बांधलेली गाठ एखादवेळी सुटेल, कापडवाल्यानं बांधलेली सुटत नाही. मला लग्न करायचं होतंच. पण संगमनेरच्या दुकानाची पायरी चढायच्या आत मला एक गोष्ट कळायला हवी होती: ही मुलगी राजी आहे, की नुसतीच गप्प आहे?

तिला विचारायची सोय नव्हती. लग्नाआधी नवरा-नवरीनं बोलायचं नाही असं आत्याबाईंचं म्हणणं होतं, आणि आत्याबाईंच्या म्हणण्यावर निरगुडसरात अपील नाही.

"बोलायला बंदी हाये ना? ऐकायला कुठंय?" भागू म्हणाला.

भागू माझा पहिलीपासूनचा मित्र. पिंपरी पेंढारमध्ये त्याची साउंड सर्व्हिस होती. लग्न असो, जत्रा असो, निवडणूक असो की दहावा, झाडावर भागूचे कर्णे. जीपही त्याचीच, कर्णे वाहायची.

"मी कॅसेट भरतो," तो म्हणाला. "गानी अशी निवडतो की तिच्या मनातलं तोंडावर आलंच पायजे. मला आरशात दिसंल. हसली तर एकदा हॉर्न वाजवीन. तोंड पाडलं तर दोनदा."

"तुला गाण्यातलं काय कळतं, राव?"

"गोरख्या, आख्ख्या पट्ट्यातली लग्नं माझ्या गान्यांवर लागल्यात."

ती गाण्यांमुळं लागली की गाणी असूनही लागली, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

निरगुडसरची मंडळी एसटीनं आळेफाट्याला उतरली. पुढं भागूशेजारी मोहिनीचे वडील बाळासाहेब बसले. मधल्या सीटवर खिडकीशी मोहिनी, तिच्याशेजारी आत्याबाई, पलीकडं माझी आई. मी सगळ्यांच्या मागं, स्टेपनीशेजारी. तिथून मला मोहिनीची फक्त वेणी दिसत होती. नुसत्या वेणीवरून माणसाची राजीखुशी कळत नाही. मी बोटा गाव येईपर्यंत प्रयत्न केला.

भागूनं कॅसेट घातली. पहिलं गाणं झकास निघालं. त्यात एक बाई एका गड्याला नदीवर बोलवत होती आणि तो येतो येतो म्हणत होता. भागूनं आरशात बघितलं. एकदा हॉर्न वाजला. मी स्टेपनीवरच लेझीमचा ताल धरला. मग दोनदा वाजला. मग चारदा. मग वाजतच राहिला, कारण आम्ही नाशिक हायवेवर होतो आणि पुढं कांद्याचे ट्रक होते. हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. घारगाव येईपर्यंत मोहिनी इतक्या वेळा राजी आणि नाराज झाली की तेवढ्यात दुसऱ्या कोणाचे चार संसार मांडून मोडले असते.

दुसऱ्या गाण्यात एक माणूस हुंदके देत होता. आत्याबाईंनी पदर सावरला.

"कोन वारलं ह्यात?"

"वारलं न्हाई, आत्याबाई," भागू म्हणाला. "हिनं ऐनवेळी दुसऱ्याशी लगीन केलं."

बाळासाहेबांनी मान वळवून भागूकडं बघितलं.

"चाल चांगली हाये म्हनून घेतलं," भागू म्हणाला.

तिसरं गाणं म्हणजे अंगाई. बस्ता व्हायचाय, लग्न व्हायचंय, आणि इकडं बाळ झोपत नाही म्हणून एक बाई काकुळतीला आलेली. बाळासाहेबांनी टोपी काढली, टोपीच्या आत बघितलं, परत घातली. माझ्या आईनं मागं वळून माझ्याकडं असं बघितलं, की जणू ते बाळ माझ्यामुळंच जागं होतं.

भागूनं ही कॅसेट कशी भरली तेही सांगायला हवं. बस्त्याच्या आदल्याच आठवड्यात गावची जत्रा होती, तिथं मशीनवर गाणी लावताना त्यानं तिथल्या तिथं कॅसेट भरून घेतली होती. त्याच्या मते त्यामुळं आवाजाला घुमारा येतो. माइक चालूच होता. त्यामुळं चौथं गाणं रंगात आलं असताना ते एकदम बारीक झालं आणि भागूचाच आवाज आला.

"हॅलो, हॅलो. पाळण्यात बसलेल्या मंडळींनी चपला वरून टाकू नयेत. हॅलो. पिंपरी पेंढारचे गोरख गेणभाऊ, वय तेवीस, अंगात निळा शर्ट, हरवले आहेत. त्यांच्या मातोश्री लंकाबाई जिलेबीच्या दुकानापाशी उभ्या आहेत. कोणाला आढळल्यास हाताला धरून स्टेजपाशी आणून सोडावं. हॅलो."

आणि गाणं परत मोठं झालं.

"गर्दीत पोरगं दिसंना, मंग काय करू?" आई खिडकीबाहेरच्या डोंगराला म्हणाली. भागू कधी नव्हे इतकं नीट रस्त्याकडं बघत होता.

मोहिनीची वेणी हलत होती. आधी मला वाटलं रस्ता खराब आहे. मग ती आख्खी मागं वळली.

"मंग सापडले का?"

आवाज जरा घोगरा होता, सर्दीतून उठल्यासारखा. मी मनात वेगळाच धरला होता. हा जास्त चांगला होता.

"मोहने! बोलती काय!" आत्याबाई म्हणाल्या.

"आत्या, मानूस हरवलंय. चौकशी बी नको करू?"

आता पंचाईत बाळासाहेबांची झाली. लेक बोलली, ती त्यांनी ऐकली, म्हणजे बापानं काहीतरी करायला हवं. त्यांनी थोडा वेळ समोर बघितलं. मग हात पुढं केला आणि टेपचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"मला आता कायबी ऐकू येत न्हाई!" त्यांनी ओरडून जाहीर केलं.

पुढचं गाणं गोंधळाचं होतं. संबळ असा वाजायला लागला की जीपचा पत्राही ताल धरायला लागला. चंदनापुरीचा घाट लागला होता. घाट उतरला की संगमनेर, आणि संगमनेर आलं की बस्ता. मी आत्याबाईंच्या खांद्यावरून पुढं वाकलो.

"तुमी राजी हाये का?"

मोहिनीनं कानाकडं बोट दाखवलं. मी परत विचारलं. आत्याबाईंनीही स्वतःच्या कानाकडं बोट दाखवलं. मग मी छाती भरून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला. नेमकं तेव्हाच गाणं संपलं.

"तुमी लग्नाला राजी हाये का?"

घाटात शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं थांबून आमच्याकडं बघितलं. भागूनं ब्रेक मारला. पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत टेप बंद केला. आत्याबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मोहिनीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आळेफाट्यावर आमी उतरलो, तवा शेजारीच नाशिकची गाडी उभी व्हती," ती म्हणाली. "मोकळी व्हती. मला यायचंच नसतं, तर मी तिच्यात बसले नसते?"

बाळासाहेब वळले. "नाशकात आपलं कोन हाये?"

"कोनी न्हाई. म्हनूनच."

बाळासाहेबांनी ह्यावर विचार केला. "गाडी बाजूला घे," ते भागूला म्हणाले. ते उतरले, चालत मागं आले. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"पुढं बसा, पावणं," ते म्हणाले. "मागून वरडता, पोरीच्या कानाला तरास हुतो."

आणि माझे होणारे सासरे स्टेपनीशेजारी मांडी घालून बसले. मी पुढं जाऊन बसलो. मोहिनी आता बरोबर माझ्या पाठीमागं होती. आत्याबाईंनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

"मंग?" मागून तो घोगरा आवाज आला. "कुठं व्हता जत्रेत?"

"स्टेजच्या खाली," मी म्हणालो. "माइकची वायर सुटत व्हती, ती धरून बसलो व्हतो."

"आन् डोक्यावर तुमचंच नाव पुकारत व्हते?"

"व्हय."

"मंग बाहेर यायचं की!"

"वायर सोडली असती तर माइक बंद पडला असता. मंग आईला मी सापडलो असतो कसा?"

तिची बांगडी माझ्या सीटच्या पाठीवर वाजली.

"आन् भागूभावजींना म्हाईत न्हवतं तुमी खाली हाये ते?"

"त्यानंच बसवलं व्हतं."

भागूनं गिअर बदलला. गरज नव्हती.

"भावजी," मोहिनी म्हणाली, "ती कॅसेट जरा मागं घ्या. मला परत ऐकायचंय."