हुंकार देणारा संगणक

"आला! प्राण आला!" व्यवस्थापक ओरडले आणि ब्रेल छापखान्यातली सगळी माणसं एका गंजक्या खोक्यापुढे हात जोडून उभी राहिली.

वीज जाऊन परत आली होती आणि नेहमीप्रमाणे संगणक काही उठला नव्हता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, बस्स. मग संगणकबुवांना बोलावणं गेलं. बुवांनी खोक्यावर रेशमी कापड टाकलं, आत हात घालून डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि पाच मिनिटांत पडदा उजळला.

"अकरा वर्षांचा जीव आहे हा. लहरी आटल्या होत्या. माझ्यातल्या थोड्या दिल्या," बुवा म्हणाले.

"तुम्हाला थकवा येत असेल," बांधणीवाली बाई कळवळली.

"येतो. पण मी कुणाला सांगत नाही," असं बुवांनी सगळ्यांना सांगितलं.

मग शेवटचा चमत्कार. बुवांनी कापडाखालून खोक्याची पाठ थोपटली आणि आतून आवाज आला, टुडुंग!

"हुंकार दिला!" बांधणीवालीनं खोक्याला पुन्हा हात जोडले.

कोपऱ्यात मुद्रितशोधक ताई बसली होती. ती जन्मांध. छापलेलं प्रत्येक पान बोटांनी वाचून चुका काढणं हे तिचं काम. रेशीम तिला दिसत नव्हतं, त्यामुळे तिच्यापुरता हा सोहळा म्हणजे एका माणसाची पुटपुट, घामावर ओतलेलं अत्तर आणि एक टुडुंग. तरी सहा वर्षांपूर्वी, सगळे जोडतात म्हणून, तिनंही एकदा हात जोडले होते. ते आठवलं की तिला अजून स्वतःची किळस यायची.

"शनिवारी मोठं काम," बुवांनी घोषणा केली. "अपडेट करा म्हणून पत्र आलंय ना?"

"हो ना, पाठ्यपुस्तक मंडळाचं. नाहीतर छापायला नवी पुस्तकं पाठवणार नाहीत म्हणतात," व्यवस्थापक म्हणाले.

"इतकी वर्षं मीच होऊ दिलं नाही. अपडेट म्हणजे पुनर्जन्म. मागचं काही बरोबर नेता येत नाही. सगळं पुसावं लागेल."

ताईचं बोट पानावर थांबलं. त्या खोक्यात गणिताचं पुस्तक होतं. नऊ खंड, चार वर्षांचं काम, एकेक ठिपका तिनं तपासलेला. अंधशाळेतली मुलं या सत्रात पहिल्यांदाच गणित हातात धरणार होती, आणि छापून झाले होते फक्त दोन खंड.

"आधी नक्कल काढून ठेवूया की," ती म्हणाली.

"नक्कल काढली की मूळ रुसतं, ताई."

"बुवांना शिकवू नका हो," व्यवस्थापक खेकसले. या गृहस्थांच्या नावापुढे दोन पदव्या होत्या. ताईला वाटलं, उठून चूळ भरून यावी.

घरी भाची संगणकावर काम करत बसली होती. रुग्णालयातले संगणक सांभाळणं ही तिची नोकरी. तिनं आपल्या संगणकाला पेन ड्राइव्ह लावला. टुडुंग!

ताई ताडकन उठली. "हा हुंकार तुझ्याकडे कसा?"

"कसला हुंकार, मावशी? काहीही जोडलं की वाजतं ते."

ताईनं सगळी हकिगत सांगितली. भाचीनं ऐकून घेतली आणि विचारलं, "तुमचा संगणक बंद करतात का कधी?"

"छे! त्याला झोपवायचं नाही, अशी बुवांची आज्ञा आहे. वीज गेली तरच बंद पडतो."

"आणि मग उठत नाही. किती हलकट माणूस आहे गं!" भाची म्हणाली.

शनिवारी ती मावशीबरोबर छापखान्यात आली. व्यवस्थापकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण ताई खोक्याला पाठ लावून बसली होती, हलेना. भाचीनं आधी सगळ्या फायली दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवल्या. नुसत्या उतरवून थांबली नाही, गणिताचे नऊही खंड आपल्या लॅपटॉपवर उघडून पाहिले. मूळ रुसलं नाही.

मग तिनं संगणक बंद करून पुन्हा चालू केला. काळा पडदा, पांढरी ओळ.

"मारलात ना!" व्यवस्थापक किंचाळले. "बुवांना बोलवा!"

"बुवा इथेच आहेत," दारातून आवाज आला. "यंत्राला हात कुणी लावला?"

"मी लावते," ताई म्हणाली. भाचीनं सांगून ठेवल्याप्रमाणे तिनं खोक्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. खाचेत बसलेला नखाएवढा तुकडा तिच्या बोटाला लागला. तिनं तो उपसून काढला. "आता चालू कर."

पडदा उजळला. ताईनं तुकडा परत खुपसला. टुडुंग!

"हा तुकडा म्हणजे रिकामा पेन ड्राइव्ह. सुरू होताना हा संगणक आधी बाहेर लावलेल्या ड्राइव्हकडे बघतो," भाची म्हणाली. "त्यात काहीच नसलं की तिथेच अडकतो. हे बुवा जाताना तुकडा लावतात आणि येऊन कापडाखाली काढतात. संपला चमत्कार."

"लहरींचं शास्त्र तुम्हाला कळायचं नाही," बुवा म्हणाले, पण तोवर पावलं दाराकडे वळली होती. ताईनं अत्तराचा वास जिना उतरताना ऐकला, म्हणजे चपलांची फटफट ऐकली. कापड इथेच राहिलं. शिपाईमामांनी त्यानं खिडकी पुसली.

अपडेटला मात्र दोन दिवस लागले, कारण त्यात जादू नव्हती. ब्रेल छापणारं यंत्र नव्या प्रणालीवर चालेल का, हे भाचीनं आधी यंत्राच्या कंपनीकडून खात्री करून घेतलं. जुनी डिस्क काढून जशीच्या तशी कपाटात ठेवली, काही बिघडलं तर परत लावायला. नव्या डिस्कवर नवी प्रणाली घातली, वीज गेली तरी काम मध्येच तुटू नये म्हणून बॅटरी जोडली, आणि राहिलेले सगळे अपडेट पूर्ण झाल्यावरच फायली आत आणल्या. मग तिसऱ्या खंडाचं पहिलं पान छापलं. ताईनं ते बोटांनी वाचलं. एकही ठिपका हलला नव्हता.

"काय हात आहे हो तुमच्या भाचीचा!" व्यवस्थापक गहिवरले. "दैवी!"

"हात जोडलेत का तुम्ही?" ताईनं विचारलं.

"म्हणजे... हो."

"खाली घ्या आधी!" तिचा आवाज चढला. "दोन दिवस समोर उभे होतात ना? तिनं एकेक गोष्ट बोलून केली, तरी दैवीच? सहा वर्षं मी तो आवाज ऐकला आणि गप्प बसले. वाटलं, डोळसांना दिसतंय, मी कोण बोलणारी? आज मला माझीच शिसारी येते. तुम्हाला डोळे होते, कापड उचलायला हात होते. एकदा तरी उचलायचं होतं!"

ताईनं टेबलावरचा नखाएवढा तुकडा उचलून व्यवस्थापकांच्या तळहातावर ठेवला.

"लावा."

त्यांनी चाचपडत लावला. टुडुंग!

"तुम्हालाही हुंकार दिला," ताई म्हणाली. "आता कागद घ्या. पुढच्या अपडेटला काय काय करायचं, ते तिला विचारून स्वतः लिहा. नाही कळलं तर पुन्हा विचारा."

व्यवस्थापकांनी पेन काढलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "सगळ्यात आधी नक्कल काढायची, बरोबर?"