गळ्याच्या गाठी

मी एक जुने लोकरीचे झबले आहे. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे काही आहे का, याची मलाच शंका वाटते. पण मित्रांनो, ऐकून घ्या.

सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, कुंता राहत असे. तिचा नवरा केवळराम मासे धरी आणि जाळी विणी. एकोणीसशे चौपन्नच्या पौषात, दिवस भरण्याआधीच, कुंताला मुलगा झाला. एवढासा जीव, गोधडीतही त्याचे पाय गार पडत. शाळेच्या मास्तरांच्या बायकोने आपला स्वेटर उसवून लोकर दिली आणि विणायला शिकवले. मी गळ्यापर्यंत आले, तोच मास्तरांची बदली झाली. टाके बंद कसे करायचे, ते शिकवायचे राहूनच गेले.

"सुई काढली का उसवते जी," कुंता रडकुंडीला आली.

"आण इकडं," केवळराम म्हणाला. "माही गाठ मरळ मासोळीच्यानंबी सुटत नाई."

त्याने जाळ्याला मारतात तशा करकचून गाठी माझ्या गळ्याला मारल्या. मला काय ऐट आली! पण घालायला घेतले, तर बाळाचे डोके आत जाईना. ते रडून लालबुंद झाले.

"अरे, पोरगं हाय ते, मासोळी नोहे!" केवळरामची आई सुगंधाबाई ओरडली. "जाळ्यात काऊन कोंबून राह्यलास त्याले?"

कुंताने विळा उचलला.

"कापू नको. सारंच उसवन," केवळराम म्हणाला. बाभळीचा काटा घेऊन तो उन्हात बसला आणि आपल्याच गाठी सोडवू लागला. तलावावर निघालेला मनसाराम हसला, "का केवळरामभाऊ, सोताच्याच जाळ्यात गुतलास का?" केवळरामने पुढची गाठ काट्यावर घेतली. मासोळी धरायची वेळ टळून गेली.

एकेक टाका सुटला, तसा कुंताने तो जुन्या लुगड्याच्या मऊ पट्टीत ओवून घेतला. पट्टी सैल सोडली आणि डोके अलगद आत गेले. मी त्याला पायांपर्यंत पुरले. थोड्या वेळाने सुगंधाबाईने त्याचे तळवे चाचपले.

"तपले गा पाय!"

पाठची भावंडेही माझ्यातच वाढली. आता मला हातात धरून चुलीवरची गरम भांडी उतरवतात. तक्रार नाही. एवढेच मागते, आपल्या हातची गाठ लहानग्याला काचली, तर ती सोडायला लाजू नका. केवळराम लाजला नाही. त्याचा तो पोरगा आता दहा वर्षांचा झाला, आत्ता पाळीवर हुंदडतो आहे, आणि अंगात काही घाल म्हटले, तर ऐकत नाही.